पाटीवर नुसतंच ‘लोच’ लिहिलंय: अनोळखी मासा ओळखायचा कसा?

लोच म्हणजे टाकीच्या तळाशी वावरणारे मिशांचे छोटे मासे. दुकानात ते मोजक्याच नावांनी विकले जातात. क्लाउन, योयो, झेब्रा, कुली, हिलस्ट्रीम. या पाचांत जे बसत नाही ते सगळं ‘मिक्स बोटिया’ किंवा नुसतं ‘लोच’ म्हणून एका टाकीत. जगात लोचच्या हजारांहून जास्त जाती आहेत आणि आपल्या सह्याद्रीतून अजूनही नव्या जाती नोंदवल्या जातात, त्यामुळे त्या ‘मिक्स’ टाकीत काय निघेल याचा नेम नसतो.

चार वर्षांपूर्वी मी ‘झेब्रा लोच’ म्हणून दोन मासे घरी आणले. दोघांच्याही अंगावर पट्टे होते, बोटाएवढी लांबी होती, मिशा होत्या. एक खरंच झेब्रा होता. दुसरा जरा गोलसर अंगाचा, तपकिरी पट्ट्यांचा. दोघांना मी अठ्ठावीस अंशांच्या संथ पाण्यात ठेवलं. झेब्रा वाढला, दुसरा सतत फिल्टरच्या तोंडाशी जाऊन बसायचा आणि तिसऱ्या महिन्यात गेला. तो वाहत्या, गार ओढ्यातला मासा होता हे मला नंतर, त्याचे फोटो नीट पाहिल्यावर कळलं. फिल्टरच्या धारेत तो प्राणवायू शोधत होता. तेव्हा मी फक्त पट्टे पाहिले होते. एकदा डोळ्याखाली आणि शेपटीकडे पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

म्हणून नवीन मंडळींना एकच गोष्ट आधी सांगतो: लोच ओळखताना रंग आणि नक्षी सगळ्यात शेवटी बघायची. आधी बांधा, काटा, तोंड, शेपटी. आणि मासा आला कुठून हे विचारायचं, तेही दुकानातून निघायच्या आधीच.

दुकानात उभे असतानाच

घरी आल्यावर माशाचा मूळ पत्ता सापडत नाही. म्हणून तिथेच विचारा: हा माल कुठून आला? मुंबई-पुण्यातले बरेच मासे कोलकात्याहून येतात आणि तिथे ईशान्य भारत, बंगाल, आसाम इथले जंगली मासे गोळा होतात. काही बँकॉक किंवा इंडोनेशियाहून येतात. काही शेततळ्यात वाढवलेले असतात. आणि काही आपल्याच घाटातल्या ओढ्यातून कुणी तरी पकडून दिलेले. दुकानदाराला नेमकं ठाऊक नसतं, पण ‘कलकत्त्याच्या बॉक्समधून आला’ एवढं सांगितलं तरी निम्मी यादी गळून पडते. सुमात्रा-बोर्निओचा क्लाउन आणि गंगेच्या खोऱ्यातला योयो यांच्यात गोंधळ व्हायला मग जागाच उरत नाही.

त्याच बॉक्समधून दुसरे कोणते मासे आले तेही विचारा. रोजच्या सरावात मला या प्रश्नाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला आहे. जंगलातून पकडलेल्या मालात एकाच नदीचे मासे सोबत येतात. अनोळखी लोचच्या शेजारी बाडिस हे उत्तर बंगालचे छोटे मासे असतील तर माग कुठे काढायचा ते कळतं.

तारीख, दुकान, दुकानदाराने सांगितलेलं नाव आणि मालाचा रस्ता, चार ओळी मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दुकानदाराचं नाव चुकीचं वाटलं तरी तसंच लिहा. तेच नाव पुढे दुसऱ्या कुणाच्या माशाला लावलेलं सापडतं आणि धागा जुळतो.

हा लोच तरी आहे का?

हे विचारायला बरेच जण विसरतात. लोचच्या तोंडाभोवती मिशांच्या किमान तीन जोड्या असतात: दोन मुस्कटाच्या टोकाशी, एक तोंडाच्या कोपऱ्यात. काहींना खालच्या ओठाशी आणखी मिशा किंवा मांसल गाठी असतात. तोंड खालच्या बाजूला. खवले इतके बारीक की अंग गुळगुळीत वाटतं.

फसवणारे मुख्यतः तीन. पहिला म्हणजे ‘सकिंग लोच’ किंवा ‘गोल्डन अल्गी ईटर’ म्हणून मिळणारा गायरिनोकायलस. याला मिशाच नसतात आणि कल्ल्याच्या वरच्या टोकाला पाणी आत घेण्यासाठी वेगळं छिद्र असतं. तोंडाने काचेला चिकटून राहूनही त्याला श्वास घेता येतो तो त्यामुळे. लहानपणी गोंडस दिसतो, पुढे पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जातो आणि चपट्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडायला लागतो. दुसरा कोरिडोरस: त्याच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात आणि पाठीच्या पराच्या मागे आणखी एक छोटा पर असतो. तिसरा फ्लाइंग फॉक्स आणि त्याचे भाऊबंद. यांच्या अंगावर खवले स्पष्ट दिसतात, ते कार्पच्या कुळातले.

मिशा मोजताना मासा हलता असतो, म्हणून समोरून दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि एकेक चित्र थांबवून मोजा.

पकडायचा कसा

जाळी वापरू नका. बऱ्याच लोचच्या डोळ्याखाली मुडपून ठेवलेला काटा असतो. घाबरला की तो बाहेर येतो, अडकून बसतो आणि जाळीच्या धाग्यात गुंततो. मग धागा कापण्याशिवाय इलाज राहत नाही. हातात धरलेल्या माशाच्या काट्याने रक्तही निघतं. माझी पद्धत सोपी आहे: टाकीत अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा रात्रभर ठेवायचा. सकाळी मासा त्यात शिरलेला असतो. दोन्ही तोंडं बोटांनी झाकून पाइप उचलायचा आणि टाकीचंच पाणी भरलेल्या पारदर्शक सपाट डब्यात मासा सोडायचा.

डबा अरुंद हवा. मिठाईचा पातळ प्लास्टिकचा डबा चालतो, त्यात मासा आडवा उभा राहतो आणि फार फिरत नाही. डब्याच्या मागे फिका करडा कागद, खाली मिलिमीटरच्या खुणांची पट्टी. प्रकाश बाजूने, फ्लॅश बंद. फोटो चार: डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, वरून आणि खालून. खालचा फोटो सगळे टाळतात आणि सगळ्यात उपयोगी तोच असतो, कारण तोंड, ओठ, मिशा आणि पोटाचे पर तिथे दिसतात. डबा उंच धरून खालून फोटो घ्या.

पाच मिनिटांत काम आटपा आणि मासा परत सोडा. रंग उडालेला दिसला तर घाबरू नका, अर्ध्या तासात परत येतो.

काटा: पहिली मोठी फांदी

आता फोटो मोठा करा आणि डोळ्याखाली, जरा पुढच्या बाजूला बघा. तिथे बारीक चीर दिसली तर तिच्यात काटा आहे. क्लाउन लोचला १८५२ साली ब्लीकरने नाव दिलं ते याच काट्यावरून: मॅक्राकॅन्थस, म्हणजे मोठ्या काट्याचा. सुईने उचकटून पाहू नका. डोळ्याला इजा होते आणि काही कळतही नाही.

काटा आहे म्हणजे मासा दोनपैकी एका कुळातला: बोटियांचं कूळ किंवा कुली आणि त्यांच्या नातेवाइकांचं कूळ. काटा नाही म्हणजे ओढ्यातले लोच, किंवा दगडाला चिकटून राहणारे चपटे हिलस्ट्रीम.

इथे एक खोच आहे. ओढ्यातल्या काही जातींच्या नरांना डोळ्याखाली कातडीची छोटी झडप असते. सह्याद्रीतल्या मूरेह नावाच्या लोचच्या (तो पुढे येईल) गटात ती ठळक दिसते. नवखा माणूस तिला काटा समजतो. झडप मऊ, गोलसर आणि बाहेर आलेली असते. काट्याची चीर आत गेलेली असते आणि टोकाकडे मागे वळते. शंका आली तर दुसऱ्या माशाशी ताडून पाहा. काटा असेल तर नर-मादी दोघांना असतो.

बांधा आणि शेपटी: चार गट

*बोटिया.* अंग दोन्ही बाजूंनी दाबलेलं, पाठ जरा उंच, शेपटी खोल दुभंगलेली. डोळ्याखाली काटा. दिवसाही फिरतात, एकमेकांचा पाठलाग करतात, कधी ‘टक्’ असा आवाज काढतात. दुकानात हाच गट सगळ्यात जास्त.

*कुली आणि त्यांचे नातेवाईक.* काटा आहे पण अंग लांबट. कुली तर गांडुळासारखा, पाठीचा पर पार मागे, पोटाच्या परांच्याही पलीकडे सुरू होतो. याच कुळातला लेपिडोसेफॅलिक्थिस आपल्याकडच्या नद्यांत, ओढ्यांत, भाताच्या खाचरांत सापडतो: वाळूत डोळ्यांपर्यंत घुसून बसतो आणि पाण्यात प्राणवायू कमी झाला की वर येऊन हवा गिळतो. त्याचा नर ओळखायला सोपा, कारण छातीच्या परातले आतले दोन काटे एकमेकांना जुळून जाड पातं तयार झालेलं असतं. वरून काढलेल्या फोटोत ते दिसतं. थर्मालिस ही त्यातली जात दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आहे. नावात ऊन पाणी आहे, कारण तिचा पहिला नमुना श्रीलंकेतल्या गरम पाण्याच्या झऱ्यांतून आला.

*ओढ्यातले लोच.* काटा नाही, अंग पुढे गोल आणि शेपटीकडे चपटं होत जाणारं. शेपटी सरळ कापल्यासारखी, किंचित गोल किंवा थोडीशी खाचेची. दगडाच्या आडोशाला छातीच्या परांवर टेकून बसतात. माझा गेलेला मासा याच गटातला.

*हिलस्ट्रीम.* वरून पाहिलं तर पतंगासारखे. छातीचे आणि पोटाचे पर आडवे पसरलेले, पोट सपाट. व्हिएतनामच्या सेवेलियाचे पोटाचे पर मागे एकमेकांना जुळून चकतीच तयार होते. यांना बावीस-तेवीस अंशांचं वाहतं पाणी लागतं. मुंबईच्या मे महिन्यात थंड करायची सोय नसेल तर कृपा करून घेऊ नका.

इतकं कळलं तरी माशाचं निम्मं भलं झालं. पाण्याचं तापमान, प्रवाह, वाळू हवी की दगड, सोबत किती मासे हवेत, हे सगळं कूळ कळल्यावरच ठरवता येतं. जातीचं नाव महिनाभराने मिळालं तरी मासा तोवर सुखरूप राहतो.

आता नक्षी

आधी एक भाषेची गोष्ट. आपण ‘आडवे पट्टे’, ‘उभे पट्टे’ म्हणतो आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा निघतो. मी पाठीपासून पोटाकडे जातो त्याला पट्टा म्हणतो आणि डोक्यापासून शेपटीकडे जाते तिला रेघ. फोटो दुसऱ्याला दाखवताना शब्द असे पक्के करून घ्या, निम्मे वाद तिथेच मिटतात.

पट्टे दोन्ही बाजूंचे मोजा. लोचमध्ये डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी नसणं नेहमीचंच. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला अकरा आले तर तुमची चूक नाही, दोन्ही आकडे लिहा.

आणि वय ध्यानात ठेवा. बोटियाची नक्षी वाढीबरोबर बदलते. योयोच्या अंगावर लहानपणी इंग्रजी वाय आणि ओ अशी अक्षरं दिसतात, म्हणून ते नाव. मोठेपणी ती तुटतात, जुळतात, जाळी होते. चार सेंटिमीटरच्या पिलाचा फोटो प्रौढ माशाच्या चित्राशी लावून ‘जुळत नाही’ म्हणणं ही नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक. थायलंडच्या छोट्या साखळी लोचचं असंच आहे. अँबास्टाया सिद्धिमुंकीच्या अंगावर साखळीसारखी नक्षी असते. त्याचा भाऊ नायग्रोलिनियाटा लहानपणी दोन स्वच्छ रेघा घेऊन येतो आणि वाढताना त्या रेघांना जोडणारे पट्टे उगवतात. मग तो सिद्धिमुंकीसारखा दिसायला लागतो. म्हणून दर महिन्याला एक फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांचे सहा फोटो एका सुंदर फोटोपेक्षा जास्त सांगतात.

भारतीय बोटियांत गोंधळ मुख्यतः पट्टेवाल्यांचा. बोटिया दारिओ, बंगाल लोच: पिवळसर अंगावर सात-आठ रुंद, जरा तिरके, गडद पट्टे. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात याला नाव दिलं. झेब्रा, म्हणजे बोटिया स्ट्रायाटा, आपला. पट्टे अरुंद आणि कितीतरी जास्त, मधेच फाटलेले, डोक्यापर्यंत गेलेले, परांवरही उमटलेले. नारायण राव यांनी १९२० साली शिमोग्याजवळच्या तुंगा नदीतून या जातीचं वर्णन केलं. १९५६ साली कोल्हापूरच्या माशांवर लिहिताना कलावार आणि केळकर यांनी इथल्या माशाला ‘कोल्हापुरेन्सिस’ असं वेगळं नावही दिलं होतं. आज ते स्ट्रायाटातच धरलं जातं. ही जात फक्त पश्चिम घाटातली आणि जागतिक लाल यादीत धोक्यातली. दुकानात ती स्वस्तात मिळते म्हणून ती विपुल आहे असं समजू नका. चार झेब्रा घेऊन दहा वर्षं सांभाळा. दर वर्षी मरतील तसे नवे आणणं मला पाहवत नाही.

योयोच्या बाबतीत जरा जपून. या नावाखाली लोहाचाटा आणि अलमोऱ्ही अशा दोन जाती विकल्या जातात आणि जुन्या पुस्तकांत त्या एकच धरलेल्या आहेत. फोटोवरून ठामपणे एक नाव सांगणाऱ्याला त्याने नेमकं काय पाहिलं ते विचारा. मासा दहा सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि जोडीदार नसेल तर इतरांना छळतो. पाळणाऱ्याला ही माहिती दोन्ही जातींसाठी सारखीच लागते.

कुलीच्या दुकानी नावातही अशीच चूक वर्षानुवर्षं चालत आली आहे. खरा पॅन्जिओ कुह्लाय जावाचा. आपल्या हातात पडणारा बहुधा सेमिसिंक्टा असतो, त्याचे पट्टे पोटाखाली मिळत नाहीत, नावाचा अर्थच ‘अर्धा वेढा’. खालून काढलेला फोटो इथे कामी येतो. आणि एखादा साधा तपकिरी, बिनपट्ट्याचा कुली हाती आला तर तो जाव्यातलाच असेल असं धरून चालू नका. गोव्याच्या नावाची पॅन्जिओ गोएन्सिस ही जात आपल्याच घाटातली आहे. केरळात तर २०१९ साली विहिरीच्या पाण्यातून पॅन्जिओ भुजिया सापडला, भुजिया शेवेसारखा बारीक, पाठीचा पर नसलेला. भूजलात राहणारा इतका छोटा मासा विहिरीतून वर येतो, हे वाचल्यापासून पाण्याच्या बादलीत मी जास्त बारकाईने बघायला लागलो.

रंगाबद्दल एवढंच: निळ्या तळाच्या टाकीत सगळेच फिके पडतात, भांडताना बोटिया एकदम करडे होतात, आणि लाल शेपटीच्या निळ्या लोचला कृत्रिम रंग टोचून विकतात. भडक गुलाबी किंवा हिरवा लोच दिसला तर ती नवी जात नाही, तो त्रास दिलेला मासा आहे.

सह्याद्रीचा मासा असेल तर

इथे मी जरा थांबतो, कारण नाव लावायची सगळ्यात जास्त घाई इथेच होते आणि सगळ्यात जास्त जपायला हवं तेही इथेच.

ओढ्यातल्या लोचना आपल्याकडे नाव नव्हतं असं नाही. कर्नल सायक्सने दख्खनच्या माशांची माहिती १८३९ साली छापली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावं त्याने तशीच लॅटिनात नेली. कोबायटिस मूरेह हे त्यातलं एक. तो मासा पुढे बराच काळ गंगेकडच्या ‘बोटिया’ नावाच्या जातीत मिसळला गेला होता (हे जातीचं नाव, वरचा काट्याचा बोटिया गट वेगळा). २०१५ साली पुन्हा वेगळा मानला गेला आणि आज पॅराकॅन्थोकोबायटिस मूरेह या नावाने ओळखला जातो. ओळखायची खूण: शेपटीच्या बुडाशी, वरच्या अंगाला, डोळ्यासारखा काळा ठिपका. आणि पाठीचा पर लांब.

दुसरा इंडोरिओनेक्टिस इव्हझार्डी. फ्रान्सिस डेने १८७२ साली पुण्याच्या माशावरून याचं वर्णन केलं. याच्या पुढच्या नाकपुडीची कातडी वाढून मिशीसारखी लोंबते, म्हणून समोरून पाहिलं तर नेहमीपेक्षा एक जोडी जास्त वाटते. व्हिडिओत मिशा मोजताना जास्तीची जोडी नाकातून निघते आहे का ते बघा. निघत असेल तर वंश जवळपास पक्का. जात मात्र नाही. अनेक वर्षं सह्याद्रीभर या माशाला एकच नाव होतं. २०२१ साली पश्चिम घाटाच्या उत्तर भागातूनच नीलेशी आणि राजीवी अशा नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या, त्यांतली एक गोदावरीच्या खोऱ्यातली, एक कृष्णेच्या. बाहेरून भावंडांसारखे दिसणारे मासे वेगवेगळ्या नद्यांत वेगळे होत गेलेले. अशा माशाची नदी माहीत नसेल तर नुसत्या फोटोवरून जात सांगता येणार नाही, आणि कुणी सांगितली तर तो अंदाज आहे.

तिसरा वंश शिस्टुरा. काटा नाही, अंगावर गडद पट्टे आणि शेपटीच्या बुडाशी एक काळी उभी रेष, ती बहुधा अखंड किंवा मधे तुटलेली. पट्ट्यांमुळे हाच झेब्रा म्हणून विकला जातो. फरक दोन नजरेत कळतो: झेब्राची शेपटी खोल दुभंगलेली, शिस्टुराची नाही, झेब्राला डोळ्याखाली चीर, शिस्टुराला नाही.

शिस्टुराचं नाव निघालं की आंबोली आठवते. हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळाच्या कुंडात सोनेरी झाक असलेला एक लोच राहतो. गावात त्याला देवाचा मासा म्हणतात. २०२० साली त्याचं शिस्टुरा हिरण्यकेशी असं वर्णन झालं आणि २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एवढ्याशा पाण्यातला मासा आहे तो. कुणी ‘आंबोलीचा सोनेरी लोच’ म्हणून विकायला आणला तर घेऊ नका, आणि ओळख पटवायला म्हणूनही तिथून मासा उचलू नका. कुंडाच्या काठावर बसून बघितला तरी डोळे भरून दिसतो.

मोजमाप

फोटोवर पट्टी आहेच. मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या बुडापर्यंत लांबी मोजा, शेपटीचा पर धरू नका, तो फाटलेला असू शकतो. मग अंगाची सगळ्यात जास्त उंची. लांबीला उंचीने भागा. माझ्या गेलेल्या माशाची लांबी ५२ मिलिमीटर, उंची ९. म्हणजे जवळपास पावणेसहा पट. त्याच डब्यातल्या झेब्राची लांबी उंचीच्या साडेतीन पट भरली. इतका फरक एका जातीत पडत नाही. हे भागाकार करायला दोन मिनिटं लागतात.

पाठीचा पर पोटाच्या परांच्या पुढे सुरू होतो, वर की मागे, हेही बघा. ते कागदावर उभी रेघ ओढून ठरवा, नुसत्या नजरेने फसायला होतं.

नाव लिहायचं किती?

शास्त्रज्ञांची एक पद्धत आपणही उचलावी. वंश पक्का, जात नाही, तर वंशाच्या नावापुढे ‘एसपी.’ लिहायचं. एखाद्या जातीसारखा दिसतो पण खात्री नाही, तर मधे ‘सीएफ.’ लिहायचं, म्हणजे ‘याच्याशी ताडून पाहा’. मला या दोन अक्षरांबद्दल फार आदर आहे. अर्धवट खात्रीचं पूर्ण नाव एकदा पसरलं की ते मागे घेता येत नाही. पुढचा माणूस त्याच फोटोवरून आपला मासा ओळखतो.

नाव तपासायला फिशबेस हे माशांच्या माहितीचं संकेतस्थळ बघा, पण तिथलं छायाचित्र कुणी आणि कुठे काढलं तेही वाचा. जातीचं मूळ वर्णन मिळालं तर सगळ्यात उत्तम, डे यांच्या जुन्या ग्रंथातली चित्रं आजही डोळ्याला वळण लावतात. आणि जाणकाराला विचारताना ‘हा कोण?’ एवढंच विचारू नका. चार फोटो, लांबी, काटा आहे की नाही, मिशांच्या जोड्या, माल कुठून आला, असं एकत्र द्या. उत्तर लवकर आणि नीट मिळतं.

मासा गेला तर फेकू नका. फोटो काढा आणि बाटलीत शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका: तारीख, दुकान, माल कुठून. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिल टिकते. फॉर्मलिनमध्ये ठेवलात तर पुढे डीएनए तपासणं अवघड होतं. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनाही अशा नमुन्यात रस असतो.

आणि जिवंत मासा नकोसा झाला, मोठा झाला, भांडायला लागला, तरी ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका. कोलकात्याहून आलेला मासा कृष्णेच्या खोऱ्यात सोडला तर तो इथल्या माशांचं अन्न खाईल, रोग आणेल, आणि पुढे कुणी त्याच ओढ्यातून तो पकडून ‘नवीन जात’ म्हणून तुमच्यासारखाच गोंधळेल. इथलाच मासा इथल्याच दुसऱ्या नदीत सोडणंही तितकंच वाईट, कारण या नद्यांची भावंडं वेगवेगळी आहेत. दुकानात परत द्या, नाहीतर दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.

माझ्या त्या माशाची नोंद वहीत अशी आहे: ‘शिस्टुरा सीएफ. डेनिसोनी. ५२ मिमी. काटा नाही. डावीकडे पट्टे दहा, उजवीकडे अकरा. शेपटीच्या बुडाशी काळी रेष, अखंड. झेब्रा म्हणून विकत घेतला. माल कुठून आला: विचारलं नाही.’ तो प्रश्न त्या दिवशी विचारला असता तर ‘सीएफ.’ कदाचित खोडता आलं असतं. बाटली अजून माझ्या कपाटात आहे.